पाच घरांची प्रेस

रेइनो हाकालाला पहिल्यांदा पाणी दिसलं ते त्याच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीवर. मार्चमधली सकाळ होती. तो कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवत होता आणि मागच्या दाराकडून पाण्याचा एक पातळ पदर हळूहळू आत आला. टेबलाच्या पायांना वळसा घालून, शेगडीपाशी थोडासा साचून, तो बाहेरच्या खोलीकडे निघून गेला. पाण्याला आवाज नव्हता. रेइनोनं वाकून हात लावला तर जमीन कोरडी ठणठणीत. त्यानं तो कोरडाच हात पँटला पुसला आणि कॉफी घेऊन बसला. पाणी वाहतच होतं.

हे त्यानं वर्षभर कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा आम्ही गाडीत होतो आणि मी समोरच्या रस्त्याकडे बघत होते. समोरासमोर बसून त्यानं कधीच सांगितलं नसतं.

मी त्याची शेजारीण, व्हर्ना. सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे आणि त्याला लागून रानचेरीची झुडपं. कुंपण कोणी घातलं हे दोघांनाही आठवत नाही, पण चेरी दोघंही तोडतो. रेइनो पाटकरी होता. बेअरटूथच्या डोंगरावरचं बर्फ वितळलं की ते पाणी कालव्यानं आमच्या शेतांना मिळतं. कोणाची पाळी कधी, किती तास, हे बघायचं, दारं उचलायची, पाडायची, हेच त्याचं काम. चौतीस वर्षं केलं. पाण्यावरून एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं त्याच्याशी भांडायला जात नसत, कारण तो उत्तरच द्यायचा नाही. फिनलंडहून इथल्या कोळशाच्या खाणीत आलेल्या आजोबांचा तो नातू. त्या घराण्यात बोलणं मिठासारखं, चिमटीनं.

बायको एल्मा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी आयली बिलिंग्जला गुरांच्या दवाखान्यात काम करते, चाळिशीला आलीय, लग्न केलं नाही. आयली रायफलच्या स्पर्धा खेळते. दोनशे यार्डांवर उभं राहून, तीनशेवर बसून, सहाशेवर पालथं पडून. चौदाव्या वर्षापासून खेळतेय, आणि चौदाव्या वर्षापासून तिच्या रायफलमध्ये बापानं भरलेल्या काडतुसाशिवाय दुसरं काडतूस गेलेलं नाही.

मागच्या पडवीला लागून रेइनोची एक खोली आहे. एल्मा तिला चर्च म्हणायची, कारण तिथे शिरला की तो रविवारसारखा दिसायचा. खिडकीखाली जाड फळीचं टेबल, त्यावर एका दांड्याची लोखंडी प्रेस. आमच्या भागात लोक मुरंबे घालतात तशी घरी काडतुसं भरतात, त्यात नवल काही नाही. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची. तिच्या तळाची, बार पेटवणारी, उडालेली टिकली काढायची, पुंगळी दाबून पुन्हा मापाची करायची, नवी टिकली बसवायची, वरून बंदुकीची दारू घालायची, मग तोंडावर गोळी बसवून दाबायची. जुन्या प्रेसवर यातलं प्रत्येक काम वेगळं. पन्नास पुंगळ्यांचं एक काम झालं की प्रेसचा साचा बदलायचा आणि त्याच पन्नास पुन्हा हातात घ्यायच्या. वर्षाला पाच हजार काडतुसं अशी भरायची म्हणजे किती वेळा दांडा ओढायचा ते तुम्हीच बघा. रेइनोला त्याचा कंटाळा नव्हता. कालव्यावर जाण्याआधी आणि कालव्यावरून आल्यावर तो तिथेच असायचा.

मग त्याचे डोळे गेले. सगळे नाही, मधले. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं राखाडी होऊन जातं. गाडीचं लायसन्स त्यानं आपण होऊन परत केलं. खोलीतलं काम मात्र सोडलं नाही, कारण ते हातांना पाठ होतं. डोळ्यांची गरज एकाच ठिकाणी लागायची. लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या असायच्या, त्यांत दारू घालून झाली की वरून विजेरी धरून प्रत्येकीत डोकवायचं. सगळ्यांत सारखी आली का, एखादी राहिली का. एवढंच.

एप्रिलमध्ये आयली सरावाला आली होती, मी रेइनोला घेऊन मैदानावर गेले होते. आम्ही मागे खुर्च्यांवर बसलो होतो. सहाशे यार्डांवर ती पालथी पडून नेम घेत होती. आठ-दहा बार नीट झाले. पुढचा झाला तो टप् एवढाच, बाटलीचं बूच निघावं तसा. आयलीनं लगेच हात वर केला. रायफल रिकामी केली, नळीत सळई घालून बघितली. गोळी नळीतच अडकून बसली होती. त्या काडतुसात दारूच नव्हती, नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी तेवढी पुढे सरकली होती. तिनं न थांबता पुढचा बार काढला असता, तर नळी तिच्या गालाशी फुटली असती.

ती आमच्याकडे आली. रेइनो उभा राहिला होता. त्यानं आवाज ऐकला होता, त्याला सांगायची गरज नव्हती.

“बाबा, एक रिकामी होती,” ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केला. तिनं पुंगळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती नाकाशी नेली, अंगठा तिच्या तोंडावरून फिरवला आणि खिशात टाकली. परतताना आयली म्हणाली की या वर्षी ती दुकानातली काडतुसं वापरून बघणार आहे, बऱ्याच जणी वापरतात. आवाज अगदी साधा होता. रेइनो खिडकीबाहेर बघत होता, किंवा खिडकीबाहेर तोंड करून बसला होता.

त्यानंतर अकरा दिवस त्या खोलीचा दिवा लागला नाही. बाराव्या दिवशी तो कुंपणापाशी आला आणि मला विचारलं, गाडी काढशील का. कुठे म्हटलं, तर प्रेस बघायला.

मला हसू आलं. डोळे गेलेला माणूस नवी प्रेस घ्यायला निघाला होता. पण त्यानं विचार पक्का केला होता. पाच घरांची प्रेस असते, तो म्हणाला. प्रोग्रेसिव्ह. एक गोल थाळी, तिच्यात पाच पुंगळ्या पाच घरांत बसतात. एकदा दांडा ओढला की पाचही घरांत पाच वेगळी कामं एकदम होतात आणि थाळी एक घर पुढे सरकते. दर खेपेला एक तयार काडतूस बाहेर पडतं. प्रत्येक पुंगळीला दारूच्या घरातून जावंच लागतं, चुकवायची सोय नाही.

“माणूस विसरतो,” तो म्हणाला. “थाळी विसरत नाही.”

पहिल्यांदा आम्ही राउंडअपला गेलो, डेल प्रुइटकडे. डेलचं गुरांच्या खाद्याचं दुकान आहे, आणि तो उन्हाळाभर कुरणातल्या बिळं पाडणाऱ्या घुशींवर गोळ्या झाडतो, त्यामुळे त्याला काडतुसं पोत्यानं लागतात. त्याच्या प्रेसला मोटर होती. त्यानं बटण दाबलं आणि ती आपोआप खडखड करत चालू झाली, एकामागून एक काडतूस डब्यात पडायला लागलं. डेलचं तोंडही तसंच चालू होतं. पिस्तुलाची काडतुसं कोणीही भरेल, तो म्हणाला, रायफलचं काम नाजूक. पुंगळीची मान अरुंद, लांबट दाण्याची दारू त्या मानेत अडकून बसते. रेइनोनं प्रेसच्या अंगावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“बटण दाबायचं आणि जेवायला जायचं,” डेल म्हणाला.

“जेवून आल्यावर कसं कळतं आत काय झालं ते?”

“नाही कळत. म्हणून तर जेवण गोड लागतं.”

रेइनो हसला. पण गाडीत बसल्यावर म्हणाला, तिला माझी काही गरज नाही.

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना कोवळा गहू, मध्ये मध्ये मोकळं गवत, आणि वारा असा की सगळं माळरान एकाच दिशेनं निघाल्यासारखं वाटावं. मग रेइनोनं विचारलं, “व्हर्ना, रस्त्यावर पाणी आहे का?”

“नाही.”

“वाटलंच.”

आणि तो सांगायला लागला. स्वयंपाकघरातलं पाणी. मग एक दिवस पाण्याबरोबर आलेली निळी जाळी, विणलेल्या पडद्यासारखी, जिकडे बघावं तिकडे. मग बायका. हातभर उंचीच्या, निळ्या टोप्या घातलेल्या, जुन्या तऱ्हेचे लांब कोट. त्या टेबलाच्या कडेला ओळीनं बसतात, आपापसात बोलतात, आवाज येत नाही. त्याच्याकडे कधी बघत नाहीत. एकदा पडवीत एक घोडा उभा होता, पायांवर केस असलेला, भारी जातीचा. रेइनो त्याच्यातून चालत गेला आणि आत गेल्यावर त्याला वाईट वाटलं, की बाजूनं जायला हवं होतं.

मी विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, चित्रांची नाही. वेड लागलं असेल याची वाटली. म्हणून तर बोललो नाही.

पुढच्याच आठवड्यात मी त्याला बिलिंग्जला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होती, घाईची नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे बऱ्याच जणांना होतं, लोक लाजेपायी सांगत नाहीत. डोळ्याच्या मधल्या भागाकडून काही येत नाही, तर मेंदू ती जागा कोरी ठेवत नाही. स्वतःच काहीतरी रंगवून टाकतो. “तुमचं डोकं ठणठणीत आहे, मिस्टर हाकाला. त्याला फक्त रिकामं बसवत नाही.”

रेइनो इतका मोकळा झालेला मी एल्मा गेल्यापासून पाहिला नव्हता. वाटेत त्यानं मला ॲपल पाय खाऊ घातला, स्वतः दोन खाल्ले, आणि त्या टोपीवाल्या बायका आपल्या आजीच्या गावच्या असाव्यात असं सांगितलं. मग आमच्या वळणाच्या थोडं अलीकडे त्याचं हसू मावळलं.

“मी त्या ठोकळ्यात बघितलं होतं,” तो म्हणाला. “विजेरी धरून. पन्नासही भरलेल्या होत्या.”

मला लगेच कळलं नाही.

“एक रिकामी होती आणि मला भरलेली दिसली. डोक्यानं भरली ती.” थोड्या वेळानं म्हणाला, “आयलीला सांगू नकोस.”

दुसरी प्रेस बघितली ती जोलीन व्हिटफर्डकडे, ॲबसरोकीला. जोलीन शाळेत स्वयंपाक करते आणि आयलीच्याच स्पर्धांना जाते. तिच्या घरामागच्या खोलीत जुनी, रंग उडालेली पाच घरांची प्रेस होती, हाताच्या दांड्याची. रेइनोला तिनं स्टुलावर बसवलं. त्यानं दांडा खाली घेतला, वर केला, आणि वर करताना टिकली पुंगळीच्या तळाशी बसली ते दांड्यातून त्याच्या हातात आलं. मला दिसलं ते. त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी नावानं हाक मारली. त्यानं पुन्हा ओढला. पाच-सहा वेळा. “हातात येतं,” तो म्हणाला.

पण दारूचं काय, हे त्यानं विचारलं. जोलीनच्या प्रेसवर दारूचं घर अगदी पुढे, उघडं. वर तिनं एक बारकासा दिवा लावला होता. “मी प्रत्येकीत डोकावते,” ती म्हणाली. “यंत्रबिंत्र काही नाही. माझा डोळ्यांवर विश्वास आहे.” डाव्या हाताला आणखी एक स्टूल होतं, त्यावर मांजर झोपलं होतं. रेइनोनं दांड्यावरचा हात काढला, तिचे आभार मानले, कॉफीला नको म्हटलं. रेइनोनं कॉफीला नको म्हटलेलं मी त्या एकाच दिवशी ऐकलं.

तिसरी पाद्री ओरविल स्टेनेरुड यांची, लॉरेल गावातली. ते निवृत्त झालेत, हरणाच्या शिकारीपुरती काडतुसं भरतात, पण यंत्रांचा शौक मोठा. त्यांच्या प्रेसच्या तिसऱ्या घरात एक सळई होती. ती पुंगळीत उतरून दारूवर टेकायची. दारू कमी असेल किंवा नसेलच, तर सळई जास्त खाली जायची आणि बझर वाजायचा.

“माझ्या प्रवचनांना असा एक हवा होता म्हणते बायको,” ते म्हणाले. “रिकामं निघालं की वाजायला.”

रेइनोनं तीन वेळा बझर वाजवून घेतला. त्याच्या खांद्यांत काहीतरी सैल झालं. हीच, तो म्हणाला. पाद्री मुलीकडे फार्गोला जाणार होते दोन आठवडे. त्यांनी प्रेस टेबलावरून सोडवली आणि आमच्या गाडीत ठेवली, वापरून बघा म्हणाले, मगच स्वतःची मागवा.

घरी आणून बसवल्यावर रेइनोनं चार दिवस ती हाताला लावून घेतली. मग त्यानं मला बोलावलं. मे महिन्यातली दुपार होती, खिडकीतून चेरीच्या फुलांचा वास येत होता. त्याला परीक्षा द्यायची होती. धोका नको म्हणून उडालेल्या टिकल्या तशाच ठेवलेल्या शंभर पुंगळ्या त्यानं तयार ठेवल्या होत्या. एकही काडतूस खरं होणार नव्हतं. तो दांडा ओढणार, थाळी सरकायच्या आधी तोंड खिडकीकडे करणार. तेवढ्यात मी त्याच्या खांद्यावरून वाकून दारूच्या घरातली पुंगळी उचलायची. कधी तिच्यातली दारू ओतून घ्यायची, कधी नुसतीच हलवून परत ठेवायची. शंभरात किती आणि कुठल्या, ते मी ठरवायचं. त्यानं रिकाम्या पकडून बाजूच्या डब्यात टाकायच्या.

मी दहा ठरवल्या.

सुरुवात झाली. दांडा खाली, वर, थाळी एक घर पुढे. त्याचे हात इतके शांत चालत होते की मला झोप यायला लागली. बझर वाजला की तो पुंगळी काढायचा, दिव्याखाली धरून डोळ्याच्या कडेनं बघायचा, डब्यात टाकायचा. दोनदा बझर उगाचच वाजला, बॅटरी उतरली असावी. दोन्ही वेळा त्यानं नीट बघून भरलेली पुंगळी परत थाळीत ठेवली. बरोबर होतं ते. माझा त्याच्यावर विश्वास बसत चालला होता.

साठाच्या पुढे कधीतरी मी सातवी रिकामी केली. बझर वाजला. त्यानं ती काढली, दिव्याखाली धरली. या वेळी तो कडेनं बघत नव्हता, सरळ बघत होता. अंगठ्यानं जरा हलवून बघितली. गालात हसला, बॅटरीवर हसावं तसा. आणि पुंगळी परत थाळीत ठेवून दांडा ओढला. पुढच्या घरात तिच्यावर गोळी बसली. मग ती बाकीच्यांत मिसळून गेली.

बोलायचं नाही असंच ठरलं होतं.

शंभर झाल्यावर त्यानं डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी मोजलं. “नऊ,” तो म्हणाला. “तू किती काढल्या होत्यास?”

बस चालवताना मी मुलांशी पुष्कळ खोटं बोललेय. पोचलोच आता, असं. त्या क्षणी नऊ म्हणणं फार सोपं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ऊन होतं.

“दहा,” मी म्हटलं.

त्यानं डबा टेबलावर ठेवला. बाहेर कोणाच्या तरी शेताला पाणी सुटलं होतं, खरंच सुटलं होतं, मलाही ऐकू येत होतं.

“तिच्यात दारू होती ना,” तो म्हणाला. “मला दिसली. आत काळे दाणे, मानेपर्यंत. हलवली तर तेही हलले, व्हर्ना.” मग म्हणाला, “बझर वाजला होता. यंत्राचं काही चुकलं नाही.”

त्याच संध्याकाळी त्यानं आयलीला फोन करून रविवारी ये म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. मलाही यायला सांगितलं, बहुधा आपण ऐनवेळी मागे फिरू म्हणून. मी वेलदोडा घातलेला गोड पाव भाजून नेला. एल्मा करायची तसा मला जमत नाही, पण तो खातो.

पडवीत बसलो. आयलीनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाव खाली ठेवला. रेइनोनं सगळं सांगितलं, पाण्यापासून. रिकाम्या पुंगळीपाशी आला तेव्हा तो थांबत थांबत बोलला. “मला त्यात दारू दिसली होती. नव्हती, तरी दिसली. परवाही तसंच झालं. पुन्हा कधी होईल ते मला सांगता यायचं नाही.”

“म्हणजे वर्षभर,” आयली म्हणाली. “आणि मला सांगितलं नाहीस.”

“तू माझी काडतुसं घेणं बंद केलं असतंस.”

“ते तर केलंच, बाबा.”

आयली उठून पडवीच्या पायऱ्यांपर्यंत गेली, तिथे उभी राहिली. ती रडत होती का मला माहीत नाही, पाठ होती. मग ती परत आली आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

“आत्ता काय दिसतंय?” तिनं विचारलं.

रेइनोनं सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. “तुझं तोंड नाही दिसत. तिथे जाळी आहे, निळी. तिच्यातून पाणी येतंय.”

“कुठे चाललंय?”

तो जरा बघत राहिला. “लार्सनच्या शेताकडे. त्याची पाळी आहे.”

आयली हसली, आणि मग तोही. दुपार तशीच पुढे गेली. मुलगी विचारत होती आणि बाप सांगत होता, बायकांच्या टोप्यांना काठ कसले, घोड्याच्या कपाळावर ठिपका आहे का. त्याला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. चेरीची फुलं वाऱ्यानं पडवीत येत होती आणि त्यातली कुठली त्याला दिसतात, कुठली सगळ्यांना, हे कोणी विचारलं नाही.

निघायच्या वेळी आयली त्या खोलीत गेली. प्रेससमोर उभी राहिली, वाकून बघितलं, डावीकडून, उजवीकडून. “दारूच्या घरावर मी बसते,” ती म्हणाली. “दांडा तू ओढ. बझर राहू दे, पण मी हो म्हटल्याशिवाय थाळी पुढे न्यायची नाही.”

“दर वेळी येणार तू?”

“रविवारी मी तशीही तुला फोन करते आणि तू तसाही काही बोलत नाहीस.”

अडचण एकच होती. पाद्रींच्या प्रेसवर दारूचं घर जाड खांबाच्या मागे होतं. दांडा ओढणाऱ्याला दिसायचं, बाजूला बसलेल्याला नाही. एकट्या माणसासाठी बनवलेली होती ती. रेइनोनं खांबावरून हात फिरवला, बराच वेळ. मग तो म्हणाला, “ॲबसरोकी.”

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं जोलीनकडे गेलो. मांजराला उठवून आयली डावीकडच्या स्टुलावर बसली, रेइनो समोर. त्यानं दांडा ओढला. तिनं दिव्याखाली डोकावून बघितलं. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती, पण घर स्पष्ट दिसत होतं. जोलीन दारात उभी होती, मागच्या खेपेला आपण काय बोलून गेलो हे तिला तेव्हा कळलं असावं. ती आत गेली आणि सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली. रेइनो दोन कप प्यायला. त्याच जातीची प्रेस मिळायला जून उजाडला. बझर पाद्रींनी ज्याच्याकडून घेतला होता त्याच्याकडूनच आला, त्यांनी स्वतः येऊन बसवून दिला.

पुंगळ्या साफ करणं, तेल लावून मापाच्या करणं, लांबी कापणं हे रेइनो आठवडाभर जुन्या प्रेसवर एकटा करतो. त्यात बोटांना सगळं कळतं. रविवारी आयली येते. मी कधी कधी तिथे विणकाम घेऊन बसते. त्या खोलीत एकच शब्द ऐकू येतो. दांडा खाली जातो, वर येतो, आणि आयली म्हणते, “आहे.” थाळी सरकते. “आहे.” बाहेर हिमवारा असेल, खिडकीवर बर्फाची कणी लागत असेल, आत तासाला दोनशे वेळा कोणीतरी कोणाला तरी सांगत असतं की आहे. रेइनो कधी अर्धे डोळे मिटून असतो. काय बघतो विचारत नाही मी.

ऑगस्टच्या स्पर्धेत आयलीचा नंबर अकरावा आला. आदल्या वर्षी नववा होता. तिला त्याचं काही वाटलं नाही, तिच्याहून जास्त वाईट डेल प्रुइटला वाटलं, त्यानं मोटरवाल्या प्रेसची आठवण पुन्हा करून दिली.

या हिवाळ्यापासून चित्रं कमी झालीत. डॉक्टर म्हणाली, असं होतं, मेंदूला सवय होते आणि तो कोऱ्या जागेला हात लावणं सोडतो. बायका यायच्या थांबल्या. जाळीही गेली. पाणी अधूनमधून येतं, सकाळी, तेही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. रेइनो म्हणतो बरं झालं. पण परवा मी सकाळी दूध द्यायला गेले तर तो खुर्ची मागच्या दाराकडे वळवून बसला होता, हातातली कॉफी गार झालेली.

गेल्या रविवारी आयलीला उशीर झाला. गाई विण्याचे दिवस आहेत, दवाखान्यातून सुटकाच होत नाही. रेइनो साडेबारापासून प्रेससमोर बसला होता, दांड्यावर हात ठेवून. मी म्हटलं, तोवर बझरवर चार-पाच भरून घे. त्यानं नकाराची मान हलवली. आम्ही तसेच बसून राहिलो, खिडकीतलं ऊन टेबलावरून हळूहळू सरकत गेलं. दीडला तिची गाडी आली. तिच्या बाहीवर सुकलेलं रक्त होतं, केसांत गवत. कालवड झाली म्हणाली, पाय उलटे होते, पण झाली. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, दिवा लावला आणि डावीकडच्या स्टुलावर बसली.

रेइनोनं दांडा ओढला.

“आहे,” ती म्हणाली.